आबांच्या पेटीतलं मेण

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजताना मंदाबाईंची मूठ यंदा चुकली. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, ही कानबाईची रीत त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणापासून पाठ होती. हितेंद्रच्या नावाची घातली, प्रेमराजच्या नावाची घातली आणि मग पुन्हा प्रेमराजच्याच नावाची घातली. हितेंद्रची बायको कामिनी समोर सूप धरून बसली होती. तिने सव्वा मूठ परत काढली आणि सासूच्या तोंडाकडे पाहिलं.

"आई, तुमनी तब्येत बरी शे ना?"

बरी शे, असं मंदाबाई म्हणाल्या. एक गोष्ट लपवायची त्यांना त्रेपन्न वर्षांची सवय होती, तरी हे एवढंसं खोटं त्यांना जड गेलं.

कानबाईच्या सणाला दोन्ही मुलगे एका पंगतीला बसणार होते, दोन वर्षांनी. धुळ्याचा प्रेमराज आणि जळगावचा हितेंद्र यांचं फाटलं होतं ते पणजोबांच्या नावावरून. शालिग्राम आबांचं नाव धुळ्याच्या सभागृहाला लागावं की जळगावच्या, एवढ्यावरून दोन जाणत्या बाप्यांनी बोलणं टाकावं, ही खरं तर हसण्याची गोष्ट. पण घरातल्या गोष्टीवर हसायला माणूस बाहेरचा असावा लागतो. मंदाबाई त्या दोन वर्षांत हसल्या नाहीत. एकाचा फोन आला की दुसऱ्याची खबर त्यात हळूच सरकवायची, एवढंच त्यांच्या हाती राहिलं होतं.

आणि त्यांना जवळ आणलं तेही आबांनीच. म्हणजे आबांच्या पेटीने.

शालिग्राम आबा हा या घराचा मोठा अभिमान. शेतकऱ्याचा पोर मुंबईला गेला, बोलक्या यंत्रांच्या दुकानात चार वर्षं राबला आणि परत आला तेव्हा नरडाण्याच्या स्टेशनावर त्याच्याबरोबर एक लाकडी पेटी उतरली. पेटीत फोनोग्राफ, त्याचा पितळी भोंगा आणि मेणाच्या पोकळ नळ्या. आबा बाजाराच्या गावी भोंगा लावत, आणि लोक पेटीच्या मागे जाऊन आत माणूस दडलाय का ते बघत. पुढे त्यांनी धुळ्यात दुकान थाटलं, गाणाऱ्यांना आगगाडीत घालून मुंबईला नेलं, स्वतःच्या छापाच्या तबकड्या काढल्या. मागाहून दुकान गेलं, तबकड्या फुटल्या, यंत्र कोणीतरी दुरुस्तीला म्हणून नेलं ते आलंच नाही. उरल्या त्या पेटीतल्या बारा नळ्या, आबांनी स्वतःच्या हाताने भरलेल्या. जात्यावर गाणाऱ्या बाया, वही नावाची लोकगीतं गाणारे गडी, आणि एका नळीत आबांची बायको ताईबाई. खान्देशातल्या बाईचा पहिला साठवलेला आवाज आमच्या घरात आहे, असं प्रेमराज दर भाषणात सांगे. ऐकला मात्र तो कोणीच नव्हता.

प्रेमराजची मुलगी दिपमाला पुण्यात जुन्या ध्वनिमुद्रणांचं काम करी. तिने वडिलांना आणि काकांना एकाच वेळी फोनवर घेऊन सांगितलं की आता असल्या नळ्यांना सुई लावावीच लागत नाही, नुसत्या उजेडाने त्यांच्या रेघा वाचता येतात आणि आवाज बाहेर काढता येतो. नळ्या दोन्ही गावांच्या नावाने संग्रहाला देऊ, आवाज सगळ्यांना ऐकवू. दोघे भाऊ त्या फोनवर एकदमच बोलायला लागले. कानबाईच्या रविवारी रोट झाले की सगळ्यांसमक्ष पेटी उघडायची, असं ठरलं. ते ऐकल्यापासून मंदाबाईंची झोप उडाली होती.

कारण पेटीत काय आहे ते त्यांना एकट्यांना माहीत होतं.

मंदाबाई मूळच्या एदलाबादच्या, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरच्या. लग्न होऊन शिंदखेड्याला आल्या तेव्हा सासरची बोली त्यांना अर्धी कळे आणि अर्धी अंदाजाने घ्यावी लागे. सासू सुगंधाबाई तोंडाने तिखट, एकदा सांगितलेलं पुन्हा विचारलेलं खपत नसे. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कपाळाला लावायचं मेण संपलं. त्या काळी टिकल्या नव्हत्या. आधी मेणाचा ठिपका बसवायचा, वर कोरडं कुंकू दाबायचं. मेण संपलं म्हणून सुनेने विचारलं तर चुलीपाशी बसलेल्या सासूने मान न वळवता सांगितलं, "पेटीमा मेन शे, ते ले."

सासूच्या मनात होती फणीकरंड्याची छोटी पेटी, देवघरातल्या कोनाड्यातली. ती सुनेने अजून पाहिलीही नव्हती. तिला पेटी म्हणून एकच माहीत होती, माजघरातली, लाल कापडाने झाकलेली. कुठली पेटी, एवढे दोन शब्द विचारायचा धीर झाला नाही. ती गेली, पेटी उघडली, आत पुठ्ठ्याचे बारा गोल डबे. वरची चिठ्ठी मोडीतली, तिला वाचता येईना. झाकण काढलं तर आत तपकिरी मेणाची नळी, वर केसासारख्या बारीक रेघा. मुंबईचं मेण असंच येत असेल, असं तिला वाटलं. तिने एक तुकडा मोडला, पळीत दोन थेंब तेलावर पातळ केला आणि डबीत ओतला.

मेण फार चांगलं निघालं. सकाळी लावलेलं कुंकू दिवेलागणीपर्यंत हलत नसे. "तुना मेनवर कुकू बठ्ठा दिन टिकस," असं खुद्द सुगंधाबाईंनी म्हटलं. सासूने केलेलं हे पहिलं कौतुक, सुनेला आभाळ ठेंगणं झालं. मग जावांनी मागितलं, शेजारणींनी मागितलं. कानबाईला घर बायांनी भरलं की मंदा डबी घेऊन प्रत्येकीच्या कपाळाला स्वतः ठिपका लावी. असं पाच वर्षं चाललं. अकरा नळ्या गेल्या.

बहात्तरच्या दुष्काळात एक शिक्षक आबांची माहिती विचारत घरी आले. मंदा चहाचा ट्रे घेऊन दाराआड उभी होती, आणि सासरे मोतीलाल पाहुण्यांना सांगत होते की त्या पेटीत माझ्या आईचा आवाज आहे, मेणावरच्या रेघा म्हणजेच आवाज, म्हणून आम्ही त्या नळ्यांना वारासुद्धा लागू देत नाही. मंदाचा हात आपोआप कपाळाकडे गेला. आजेसासूचा आवाज त्या घटकेला आपल्या भुवयांमध्ये आहे आणि वर कुंकू आहे, असं तिला वाटलं.

त्या दिवशी तिने रिकाम्या डब्यांमध्ये घरचा कापूस दाबून भरला. वजनाला हलके लागतील, पण उचलतो कोण? मोतीलालांचा दंडक होता, पेटीला हात लावायचा नाही; फक्त तो नव्या सुनेला कोणी सांगितला नव्हता. पुढे मोतीलाल गेले, सुगंधाबाई गेल्या. सतरा वर्षांपूर्वी पती चुडामण गेले आणि पेटी मंदाबाईंबरोबर जळगावला हितेंद्रच्या घरी आली. नवऱ्याला सांगायचं त्यांनी कितीदा ठरवलं होतं. चुडामण रागावले नसते, हसून म्हणाले असते, गेलं ते गेलं. हे मंदाबाईंना नवऱ्याच्या तेराव्याला कळलं.

शनिवारी दुपारी लेक रत्ना आली. ती सगळ्यांत थोरली, मुक्ताईनगरला दिलेली. सासरी गेलेल्या लेकीच्या पानात कानबाईचे रोट पडत नाहीत, ते फक्त भाऊबंदांचे. रत्ना दर वर्षी यायची, राबायची आणि पंगतीच्या वेळी वेगळं जेवायची. ती घरातली होती आणि नव्हती, म्हणूनच मंदाबाईंना तिच्यापाशी तोंड उघडता आलं. गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरता चिरता त्यांनी सगळं सांगून टाकलं.

विळीवरचा रत्नाचा हात थांबला. तिने बिया बाजूला सारल्या.

"आई, तू बोलू नको," ती म्हणाली. "ते दोघे आत्ता कुठे बोलायला लागले. डबे उघडतील, कापूस दिसेल, म्हणतील उंदराने खाल्लं की कोणी नेलं की काय. दोन दिवस चर्चा होईल. तुझं नाव कशाला मध्ये?"

मंदाबाईंना ते पटलं. खरं म्हणजे पटवून घ्यायला त्या तयारच बसल्या होत्या.

रविवारी घर भरलं. चौरंगावर कानबाई बसली, नारळाला डोळे, नथ, हिरवं वस्त्र. रोट झाले, खीर झाली, गंगाफळाची भाजी झाली. प्रेमराज आणि हितेंद्र मांडीला मांडी लावून जेवले. हितेंद्रने भावाच्या पानात आग्रहाने खीर वाढली आणि प्रेमराजने नको म्हणत म्हणत ती संपवली. मंदाबाई ते बघत होत्या. असंच राहू दे गं माय, असं त्यांनी कानबाईला मनातल्या मनात सांगितलं, आणि पेटीबद्दल काही मागायची त्यांची छाती झाली नाही.

पेटी आणली गेली. दिपमालाने हातमोजे घातले आणि सगळ्यांना दोन हात मागे सरकवलं. पहिला डबा तिने उचलला मात्र, तिच्या कपाळाला आठी पडली. झाकण निघालं. कापूस. तिला वाटलं नळीभोवती गुंडाळला असेल, म्हणून तिने चिमटीने तो हळूहळू काढला, सगळा काढला. दुसऱ्या डब्यात कापूस. तिसऱ्यात कापूस. मग प्रेमराजला धीर धरवेना, त्याने हातमोज्यांशिवाय उरलेले डबे भराभर उघडले. पिवळट, जुना, दाबून गोळा झालेला कापूस चौरंगापुढे पडत गेला. बाराव्या डब्यात मात्र नळी होती, एका कडेला टवका उडालेली.

"पेटी सतरा वर्षं या घरात आहे," प्रेमराज म्हणाला. आवाज चढवला नव्हता, सभेत बोलतो तसा बोलत होता. "किल्ली कोणाकडे असते?"

किल्ली कामिनीच्या कमरेला असे, हे सगळ्यांना माहीत होतं. मागच्या दिवाळीत घराला रंग दिला तेव्हा माळ्यावरची अडगळ कामिनीनेच भंगारात दिली होती, हेही कोणीतरी म्हणालं. नळ्या म्हणजे काहीतरी जुनंपानं वाटून गेल्या असतील त्यातच. मग डबे रिकामे दिसू नयेत म्हणून कापूस. आणि वातींचा, गाद्यांचा कापूस या घरात दर वर्षी कुठून येतो? कामिनीच्या माहेरून, नरडाण्याहून. एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. खोट्या गोष्टी फार चटकन जागेवर बसतात.

कामिनीने हितेंद्रकडे पाहिलं. नवरा आता भावाला दोन शब्द सुनावेल, असं तिला वाटलं असावं. हितेंद्र कापसाकडे बघत होता.

"तू उघडली होती का पेटी?" त्याने विचारलं. "खरं सांग."

दोन वर्षांनी दोन्ही भावांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि ते कामिनीवर.

"मी ती पेटी उघाडी नही," कामिनी म्हणाली. आणि मग तिने सासूकडे पाहिलं. तिला पेटीतलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की सतरा वर्षं जिच्या हाताचं खाल्लं त्या बाईने म्हणावं, माझी सून असं करणार नाही. एवढं म्हणायला तर काही कबूल करावं लागत नव्हतं.

मंदाबाईंनी तोंड उघडलं. रत्ना समोरून बघत होती, तिने मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. मंदाबाईंचं तोंड मिटलं. प्रेमराजची बायको काहीतरी बोलली, कोणी पाणी मागितलं, दिपमाला खाली बसून कापूस गोळा करत राहिली. कामिनीने किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढला, चौरंगापाशी ठेवला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. आत भांडी घासल्याचा आवाज यायला लागला. आज भांड्यांना बाई येणार होती, तरीही.

तो आवाज मंदाबाईंना सोसला नाही.

"कामिनीने काही केलं नाही," त्या म्हणाल्या. "मेण मी वापरलं. कुंकवाला."

कोणाला कळेना. प्रेमराजने दोनदा विचारलं, काय वापरलं? मग त्यांनी सगळं सांगितलं, चुलीपाशी बसलेली सासू, दोन पेट्या, पळी, डबी, बायांची कपाळं. सांगताना त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही. सांगून झाल्यावर खोलीत कोणी तरी हसलं, हसून लगेच थांबलं. प्रेमराज भिंतीला टेकला.

"आबांनी खान्देशभर हिंडून जमवलं," तो म्हणाला, "आणि आपण ते कपाळाला फासलं."

रत्ना म्हणाली की आईने एवढी मोठी गोष्ट निदान आपल्याला तरी सांगायला हवी होती. मंदाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. लेकीने नजर वळवली. हितेंद्र उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला, दारात थबकला आणि तिथूनच परत फिरला. 

सोमवारी सकाळी कानबाईची बोळवण झाली. प्रेमराज धुळ्याला निघताना आईच्या पाया पडला, पण बोलला नाही. दिपमालाने बारावी नळी फोमच्या खोक्यात ठेवून सांभाळून नेली. ती तेवढी आजीच्या गळ्यात पडली. "एक तरी ठेवलीस ना," म्हणाली. मंदाबाईंना सांगवलं नाही की ती ठेवली नव्हती, ती फक्त उरली होती.

घर रिकामं झाल्यावर त्या कामिनीपाशी गेल्या. कामिनी पडद्यांच्या घड्या घालत होती. तिच्या कपाळाला नेहमीची टिकली होती.

"मेन गयं त्यानं माले काही नही, आई," कामिनी घडीकडे बघत म्हणाली. "त्या टाइमले तुमले माहीतच नव्हतं. पन काल तुमले माहीत व्हतं. आनि तुम्हीन चूप बसनात."

"थोडाच वेळ..." मंदाबाई म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या.

"मी दोन पातेली घासी काढी, तवढा येळ," कामिनी म्हणाली.

पुढचा महिनाभर ती सगळं वेळच्या वेळी करत राहिली. चहा, गोळ्या, अंघोळीचं पाणी. आई म्हणूनच हाक मारी. फक्त संध्याकाळी पायाला तेल चोळताना ती दिवसभराचं काहीबाही सांगायची, ते बंद झालं. तेल चोळणं चालू होतं. मंदाबाईंना वाटे, तेही बंद झालं असतं तर बरं होतं. मेणाचं दुःख त्रेपन्न वर्षांत मुरून गेलं होतं. हे नवं होतं, आणि ह्याच्या वेळी त्या अठराच्या नव्हत्या, शहात्तरच्या होत्या. कुठली पेटी, हे विचारायला तेव्हा धीर झाला नाही. इतकी वर्षं सासू होऊनही त्यांचा धीर तेवढाच राहिला होता.

मग एका संध्याकाळी दिपमालाने आवाज पाठवला. हितेंद्र कामावरून यायचा होता. फोन कामिनीच्या हातात होता, तेल लावून झालं होतं. दिपमालाने लिहिलं होतं की डब्यावरची मोडी चिठ्ठी वाचून घेतली, त्यावर एकच शब्द आहे, "घरातील". ही नळी ताईबाईंचीच. फार अपेक्षा ठेवू नका, गाणं नाहीये.

कामिनीने फोन दोघींच्या मधे पलंगावर ठेवला.

आधी नुसती खरखर, कढईत काहीतरी तळत असावं तशी. खूप वेळ खरखर. मग लांबून एका पुरुषाचा आवाज, तरणा, उतावळा.

"बोल ना वं. भोंगामा बोल. काही बी बोल."

खरखर. कुठेतरी बांगड्या वाजल्या.

"बोल ना. मेन सरी जाई."

पुन्हा काही नाही. एकशे अठरा वर्षांपूर्वीची ती बाई भोंग्यापुढे बसली होती, नवरा समोर ताटकळत होता, मेण फिरत होतं आणि तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता. मंदाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. बोल गं माय, असं त्यांना वाटलं. अगदी शेवटी, नळी संपता संपता, दबलेला बारीक आवाज आला.

"मी काय बोलू? माले लाज वाटस."

आणि आवाज तुटला.

 कामिनी फोनकडे बघत होती. मंदाबाईंनी तिच्या मांडीवरचे पाय खाली घेतले.

"मनं चुकनं, कामिनी," त्या म्हणाल्या. "मेन नही. त्या दिन मी बोलनू नही, ते."

 कामिनीने हात पुढे केला आणि आवाज पुन्हा पहिल्यापासून लावला. खरखर सुरू झाली. सासूचे पाय उचलून तिने परत आपल्या मांडीवर घेतले.